वाचकांचे प्रश्न : फुटबॉल लीगचा शेवटचा दिवस

व्यावसायिक फुटबॉल लीगच्या शेवटच्या दिवसाविषयी वाचकांकडून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. अनेक पत्रांतील शंका एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न केला आहे.

प्रश्न : हंगामभर सामने वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी होतात. मग शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी सुरू करण्याचा आग्रह का धरला जातो? प्रेक्षकाला त्यामुळे एकच सामना पाहता येतो, हे त्याचे नुकसान नाही का?

उत्तर : नुकसान आहेच. एरवी टीव्हीच्या सोयीने सामने पसरवणाऱ्या लीग शेवटच्या दिवशी मात्र ते जाणूनबुजून पत्करतात, कारण दुसऱ्या मैदानावरचा निकाल आधी हाती आला की आपल्याला नेमके किती पुरेसे आहे हे कळते, आणि एकदा ते कळले की त्याहून अधिक खेळण्याची गरज उरत नाही.

याचे सर्वांत कटू उदाहरण १९८२ च्या विश्वचषकातले आहे. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून खळबळ उडवली होती आणि गटातला आपला शेवटचा सामनाही चिलीविरुद्ध ३-२ असा जिंकला होता. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची लढत मात्र दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, स्पेनमधील खिखोन येथे होती. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी विजय मिळवला तर हे दोन्ही संघ पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला होर्स्ट ह्रुबेशने गोल केला आणि त्यानंतरचा जवळजवळ सगळा वेळ दोन्ही संघ चेंडू आपापसांत फिरवत राहिले. अल्जीरियाची तक्रार फेटाळली गेली. १९८६ पासून विश्वचषकात प्रत्येक गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. लीगमध्येही तत्त्व हेच आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या दिवशीचे दहाही सामने एकाच क्षणी सुरू होतात, तर इटली आणि स्पेनमध्ये ज्या सामन्यांवर काही अवलंबून आहे त्यांच्यापुरता हा नियम पाळला जातो.

निसर्गाने हा नियम मोडल्याचेही एक उदाहरण आहे. १४ मे २००० रोजी इटलीत युव्हेंटस ७१ गुणांसह आघाडीवर होता आणि लाझिओ ६९ गुणांवर होता. लाझिओने रोममध्ये रेजिनाला ३-० असे हरवून ७२ गुण गाठले. तिकडे पेरुजिया येथे मुसळधार पावसामुळे युव्हेंटसचा सामना मध्यंतराला, ०-० असा असताना, थांबला होता. पंच पिएरलुइजी कोलिना यांनी तासाहून अधिक काळ वाट पाहिली आणि मग उत्तरार्ध सुरू केला. बरोबरी साधली तर लाझिओइतके गुण होतील आणि जिंकलो तर विजेतेपद मिळेल, हे आता युव्हेंटसच्या खेळाडूंना अचूक माहीत होते. पेरुजियाच्या अलेस्सांद्रो कालोरीने गोल केला, युव्हेंटस ०-१ असा हरला आणि आपला सामना केव्हाच संपवून बसलेला लाझिओ विजेता ठरला. आधी मिळालेली माहिती नेहमी उपयोगी पडतेच असे नाही, एवढे यातून दिसते. तरीही नियम असावा या मताचा मी आहे, कारण नियमाचे काम निकालावरचा संशय टाळणे हे आहे.

प्रश्न : दोन संघांचे गुण समान झाले तर विजेता कसा ठरतो? निरनिराळ्या देशांत निरनिराळे नियम आहेत असे वाचले. त्यांतला न्याय्य कोणता?

उत्तर : शेवटच्या दिवसाचे अर्धे नाट्य या नियमात दडलेले असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये १९७५-७६ च्या हंगामापर्यंत गोलसरासरी पाहत असत, म्हणजे केलेल्या गोलांच्या संख्येला स्वीकारलेल्या गोलांच्या संख्येने भागत असत. १९५३ मध्ये आर्सेनल आणि प्रेस्टन नॉर्थ एंड यांचे प्रत्येकी ५४ गुण झाले, तेव्हा आर्सेनलची सरासरी ९७ भागिले ६४, म्हणजे १.५१६ आणि प्रेस्टनची ८५ भागिले ६०, म्हणजे १.४१७ भरली आणि या दशांशांवर विजेतेपदाचा निकाल लागला. या पद्धतीत बचावाला फार झुकते माप मिळते. स्वीकारलेला एक गोल वाचवणे हे केलेल्या एका गोलापेक्षा हिशेबात जड ठरते. पुढे भागाकाराऐवजी वजाबाकी आली, तिलाच आपण गोलफरक म्हणतो.

हा बदल किती मोठा होता ते १९८९ मध्ये दिसले. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेमुळे लांबणीवर पडलेला लिव्हरपूल आणि आर्सेनल यांचा सामना २६ मे रोजी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर झाला आणि तोच हंगामाचा शेवटचा सामना ठरला. आर्सेनल तीन गुणांनी मागे होता आणि त्याला निदान दोन गोलांनी विजय हवा होता. ५२ व्या मिनिटाला अॅलन स्मिथने पहिला गोल केला आणि भरपाई वेळेत मायकेल थॉमसने दुसरा. दोन्ही संघांचे ७६ गुण झाले. गोलफरकही समान, अधिक ३७, म्हणून अधिक गोल कोणी केले ते पाहिले गेले. आर्सेनलचे ७३ आणि लिव्हरपूलचे ६५ असल्यामुळे आर्सेनल विजेता ठरला. आता जुन्या पद्धतीने भागाकार करून पाहा. आर्सेनलने ३६ गोल स्वीकारले होते, म्हणजे सरासरी २.०३ येते. लिव्हरपूलने फक्त २८ स्वीकारले होते, म्हणजे सरासरी २.३२ येते. तेच सामने, तेच गोल, पण जुना नियम असता तर थॉमसच्या त्या गोलनंतरही चषक लिव्हरपूलकडेच राहिला असता.

स्पेनची रीत वेगळी आहे. तेथे आधी त्या दोन संघांमधल्या परस्पर सामन्यांचे निकाल पाहतात. २००७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे प्रत्येकी ७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक अधिक ४५ होता, माद्रिदचा अधिक २६. तरीही माद्रिद विजेता ठरला, कारण परस्परांमधला एक सामना त्याने २-० असा जिंकला होता आणि दुसरा ३-३ असा बरोबरीत सुटला होता. १७ जूनच्या शेवटच्या दिवशी बार्सिलोनाने ५-१ असा विजय मिळवला, पण त्या पाच गोलांना काहीच किंमत नव्हती. मायोर्काविरुद्ध ०-१ असा मागे पडलेला माद्रिद सामना ३-१ असा फिरवतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

इटलीने २०२२-२३ पासून तिसरा मार्ग पुन्हा स्वीकारला आहे. पहिल्या दोघांचे गुण समान झाले तर त्या दोघांचा एक निर्णायक सामना खेळवला जातो. १९६४ मध्ये बोलोन्याने इंटरला अशाच सामन्यात २-० असे हरवून विजेतेपद मिळवले होते. नियम परत आला त्याच हंगामात तक्त्याच्या खालच्या टोकाला, खालच्या श्रेणीत कोण घसरणार हे ठरवण्यासाठी, त्याची गरज पडली आणि व्हेरोनाने स्पेझियाला ३-१ असे हरवून आपली जागा राखली.

न्याय्य कोणता, याचे माझे उत्तर गोलफरक असे आहे. परस्पर सामन्यांचा नियम दोनच सामन्यांना अवाजवी वजन देतो आणि निर्णायक सामना अनेक महिन्यांचा हिशेब नव्वद मिनिटांच्या स्वाधीन करतो. गोलफरकात मात्र पहिल्या फेरीत चार गोलांनी पुढे असताना केलेला पाचवा गोलही जिवंत राहतो आणि आधीच हरलेल्या सामन्यात गोलरेषेवर अडवलेला चेंडूही. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले. सिटीचा गोलफरक अधिक ६४ आणि युनायटेडचा अधिक ५६ होता. त्या आठ गोलांचा माग काढत मागे गेलो तर ऑक्टोबरमध्ये सिटीने युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मिळवलेला ६-१ असा विजय सापडतो. सिटीच्या सर्जियो अग्वेरोचा शेवटच्या दिवशीचा भरपाई वेळेतला गोल सर्वांना आठवतो आणि आठवावाही, पण तो गोल पुरेसा ठरावा अशी तजवीज सात महिने आधी झाली होती. या नियमालाही एक धोका चिकटलेला आहे. तो पुढच्या उत्तरात येतो.

प्रश्न : ज्या संघाला शेवटच्या दिवशी काही मिळवायचे नाही आणि गमवायचेही नाही, तो संघ मनापासून खेळतो का? आणि तो खेळला नाही तर इतरांवर अन्याय होत नाही का?

उत्तर : माझ्या दृष्टीने आलेल्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. शेवटच्या दिवसाची सचोटी विजेतेपदासाठी झगडणाऱ्या संघांवर फारशी अवलंबून नसते, कारण त्यांना झगडावेच लागते. ती अवलंबून असते तक्त्याच्या मधल्या भागातल्या संघांवर, ज्यांच्यासाठी हा हंगामातला केवळ आणखी एक सामना असतो.

गोलफरकाचा मघाशी म्हटलेला धोकाही येथेच आहे : समोरचा संघ ढिला पडला तर हवे तेवढे गोल करता येतात. २९ एप्रिल १९७८ रोजी जर्मनीच्या बुंडेसलीगामध्ये कोलोन आणि बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख यांचे गुण समान होते आणि कोलोनचा गोलफरक दहाने सरस होता. ग्लाडबाखने त्या दिवशी बोरुसिया डॉर्टमुंडवर १२-० असा विजय मिळवला. मध्यंतरालाच फलक ६-० असा होता. युप हाइन्केसने बुंडेसलीगामधल्या आपल्या शेवटच्या सामन्यात पाच गोल केले. कोलोनने तिकडे सेंट पाउलीला ५-० असे हरवले म्हणून विजेतेपद तीन गोलांच्या फरकाने वाचले. कोलोन थोडा ढिला पडला असता तर चषक कोणाकडे गेला असता आणि त्या चषकाला किती मान उरला असता, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. डॉर्टमुंडच्या खेळाडूंची चौकशी झाली, सामना ठरवून हरल्याचा पुरावा सापडला नाही. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांची नोकरी मात्र गेली. याच रेहागेल यांनी २००४ मध्ये ग्रीसला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण ५ मे २००२ चे. इटलीत त्या सकाळी इंटर ६९, युव्हेंटस ६८ आणि रोमा ६७ गुणांवर होते. इंटरचा सामना रोममध्ये लाझिओशी होता. लाझिओचे समर्थक आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे रोमाला, विजेतेपद मिळू नये म्हणून चक्क इंटरच्या विजयाची इच्छा धरून आले होते. घरच्याच प्रेक्षकांना आपला पराभव हवा आहे, अशा मैदानावर लाझिओचे खेळाडू उतरले. इंटरने दोनदा आघाडी घेतली आणि दोन्ही वेळा कारेल पोबोर्स्कीने बरोबरी साधली. उत्तरार्धात दिएगो सिमेओने, जो स्वतः पूर्वी इंटरकडून खेळला होता, आणि सिमोने इन्झागी यांनी गोल केले. लाझिओ ४-२ असा जिंकला, इंटर तिसऱ्या स्थानावर घसरला आणि उदिनेसला २-० असे हरवणारा युव्हेंटस विजेता ठरला. शेवटच्या दिवशीच्या प्रामाणिकपणाचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा तटस्थ संघाला जिंकण्यासाठी तिसऱ्याच क्लबने बक्षीस देणे चालेल का, असेही एका पत्रात विचारले आहे. नियमांना ते मान्य नाही आणि तसेच असायला हवे. जिंकण्यासाठी दिलेले पैसे निरुपद्रवी वाटतात, पण बाहेरच्या पैशाची एकदा सवय लागली की पुढच्या वर्षी तो पैसा हरण्यासाठीही येऊ शकतो.

प्रश्न : खेळाडूंना दुसऱ्या मैदानावर काय चालले आहे ते कसे कळते? आणि ते त्यांनी जाणून घ्यावे का?

उत्तर : पूर्वी प्रेक्षकांच्या कानाशी रेडिओ असे, आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो. आपल्या मैदानावर काही घडलेले नसताना अचानक आरोळी उठली की खेळाडूला कळते, कुठेतरी गोल झाला. प्रशिक्षकांच्या बाकावर तर क्षणाक्षणाची खबर असते. जाणून घ्यावे का, याला एकच उत्तर नाही, पण चुकीची खबर किती महाग पडते ते सांगता येते.

५ मे १९९६ रोजी मँचेस्टर सिटी खालच्या श्रेणीत घसरू नये म्हणून लिव्हरपूलशी खेळत होता. ०-२ असा मागे पडलेला संघ २-२ अशा बरोबरीवर आला. तेवढ्यात बाकावर खबर पोहोचली की बरोबरी पुरेशी आहे. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत स्टीव्ह लोमास चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी अडवून वेळ काढू लागला. खबर खोटी होती. बदली होऊन आधीच बाहेर गेलेला नायल क्विन सीमारेषेवर धावत आला आणि एक गोल हवा आहे म्हणून ओरडू लागला, पण तोवर उशीर झाला होता. साउदॅम्प्टन, कॉव्हेंट्री आणि सिटी या तिघांचे ३८ गुण झाले आणि गोलफरकावर सिटी घसरला. गोल करण्यासाठी वापरता आली असती ती मिनिटे संघाने स्वतःच्या हाताने घालवली होती.

याहून हृदयद्रावक कहाणी शाल्के या जर्मन क्लबची आहे. १९ मे २००१ च्या शेवटच्या दिवशी बायर्न म्युनिक तीन गुणांनी पुढे होता, पण गोलफरक शाल्केचा सरस होता, म्हणून बायर्नला हॅम्बर्गमध्ये एक गुण हवा होता. ही स्थितीसुद्धा आदल्या आठवड्यातल्या शेवटच्या मिनिटांनी घडवलेली होती. बायर्नने कायझरस्लाउटर्नविरुद्ध अगदी अखेरीस गोल करून विजय मिळवला होता आणि जवळजवळ त्याच वेळी शाल्केने स्टुटगार्टमध्ये गोल स्वीकारून सामना गमावला होता. आता शाल्के आपल्या जुन्या पार्कस्टाडियनवरचा अखेरचा लीग सामना उंटरहाखिंगशी खेळत होता. ०-२ आणि २-३ असा मागे पडूनही त्याने तो ५-३ असा जिंकला. तिकडे नव्वदाव्या मिनिटाला सर्गेई बार्बारेझने हॅम्बर्गसाठी गोल केला. तक्त्यात तेराव्या स्थानी राहिलेल्या, काहीही पणाला न लागलेल्या हॅम्बर्गने बायर्नला असे उंबरठ्यावर अडवले होते.

शाल्केचा सामना संपला. हॅम्बर्गमधला सामनाही संपला अशी बातमी मैदानात पसरली, हजारो माणसे आत धावली, खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. पण सामना संपलेला नव्हता. हॅम्बर्गचा गोलरक्षक माथियास शोबर, जो आधी शाल्केकडूनच खेळला होता, त्याने सहकाऱ्याकडून आलेला चेंडू हातात घेतला. पंच मार्कुस मेर्क यांनी तो जाणूनबुजून दिलेला बॅक-पास ठरवला, जो गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, आणि पेनल्टी क्षेत्राच्या आतच अप्रत्यक्ष फ्री किक दिली. चौथ्या भरपाई मिनिटाला पॅट्रिक अँडरसन या बचावपटूने खेळाडूंच्या गर्दीतून चेंडू जाळ्यात मारला. बायर्नसाठी लीगमध्ये त्याने केलेला हा एकमेव गोल. शाल्केच्या मैदानावरच्या मोठ्या पडद्याकडे पाहत उभ्या असलेल्या लोकांनी आपले विजेतेपद डोळ्यांदेखत जाताना पाहिले. बायर्न ६३, शाल्के ६२. जर्मनीत त्या संघाला आजही मनांचा विजेता म्हणतात. पराभवाचे दुःख एकवेळ सोसते, पण मिळाले असे वाटून गेलेले सोसत नाही, आणि ते चार मिनिटांचे विजेतेपद त्या लोकांच्या वाट्याला यायला नको होते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : विजेतेपदाइतकीच चर्चा तळाच्या संघांची का होते? शेवटून तिसरा आणि शेवटून चौथा यांत असा काय मोठा फरक आहे?

उत्तर : विजेतेपद हुकलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करतो. घसरलेल्या, म्हणजे शेवटच्या तिघांत राहून खालच्या श्रेणीत गेलेल्या, संघाचे मात्र सगळे जगच बदलते. टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा कोसळतो, चांगले खेळाडू विकावे लागतात, खेळाडूंच्या करारांत पगारकपातीची कलमे असतील तर ती लागू होतात आणि कार्यालयात, मैदानावर, तिकीटखिडकीवर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या जातात. प्रीमियर लीग घसरलेल्या क्लबांना काही वर्षे आधाराची रक्कम देते, याचा अर्थच असा की हा धक्का एका वर्षात पचणारा नाही, हे लीगलाही मान्य आहे.

१५ मे २००५ रोजी प्रीमियर लीगच्या इतिहासात प्रथमच शेवटच्या दिवसापर्यंत एकही संघ घसरलेला नव्हता. नॉरिच ३३, साउदॅम्प्टन आणि क्रिस्टल पॅलेस ३२ आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३१ गुणांवर होते, आणि चौघांपैकी एकच वाचणार होता. नॉरिचने फुलहॅमकडून ०-६ असा मार खाल्ला. साउदॅम्प्टन मँचेस्टर युनायटेडकडून १-२ असा हरला. पॅलेस चार्लटनविरुद्ध २-१ असा पुढे होता आणि वाचत होता, पण ८२ व्या मिनिटाला बरोबरी झाली. नाताळात तळाशी असलेल्या वेस्ट ब्रॉमने पोर्ट्समथला २-० असे हरवले आणि सकाळी शेवटच्या स्थानावर असलेला संघ संध्याकाळी सुरक्षित झाला.

जर्मनीत १९९९ मध्ये याच्या उलट घडले. न्युर्नबर्ग शेवटच्या दिवशी बाराव्या स्थानावर होता. तो फ्रायबर्गकडून १-२ असा हरला आणि आइन्ट्राख्ट फ्रँकफर्टने कायझरस्लाउटर्नला ५-१ असे हरवले. पाचवा गोल यान ओगे फ्योर्तोफ्टने सामना संपता संपता केला. दोघांचे ३७ गुण झाले, दोघांचा गोलफरक उणे १० राहिला, आणि फ्रँकफर्टचे ४४ गोल न्युर्नबर्गच्या ४० पेक्षा अधिक असल्याने न्युर्नबर्ग घसरला.

एक प्रसंग मला या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो आणि तो मोठ्या क्लबांचा नाही. ८ मे १९९९ रोजी इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत कार्लाइल युनायटेड तळाशी होता. त्या वर्षी एकच संघ फुटबॉल लीगमधून बाहेर जाणार होता. स्कारबरोचा सामना १-१ असा संपला होता आणि आपण वाचलो असे समजून त्याचे समर्थक मैदानात उतरून नाचत होते. कार्लाइल आणि प्लिमथ यांचा सामनाही १-१ असाच होता. अखेरच्या क्षणी कार्लाइलला कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक जिमी ग्लास प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी धावत गेला. तो स्विंडनकडून उसना आणलेला खेळाडू होता आणि कार्लाइलसाठी त्याचा हा तिसराच सामना होता. प्लिमथच्या गोलरक्षकाने अडवलेला चेंडू त्याच्यापुढे आला आणि त्याने तो जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला. त्यानंतर ग्लास कार्लाइलकडून पुन्हा कधी खेळला नाही. १९८७ मध्ये खालच्या श्रेणीतल्या पहिल्या क्रमांकाच्या बळावर थेट फुटबॉल लीगमध्ये आलेला पहिला क्लब म्हणून मान मिळवलेला स्कारबरो मात्र बाहेर गेला, पुन्हा कधीच परतला नाही आणि २००७ मध्ये कर्जामुळे बंद पडला. ग्लासचा गोल सांगताना स्कारबरोबद्दलही सांगायला हवे. शेवटच्या दिवशी वाचणाऱ्या प्रत्येक संघाच्या जागी दुसरा कोणीतरी बुडालेला असतो.

प्रश्न : विजेता दोन मैदानांपैकी कुठेही ठरू शकत असेल, तर चषक कुठे ठेवतात?

उत्तर : बहुतेक वेळा मूळ चषक एका मैदानावर आणि हुबेहूब प्रतिकृती दुसऱ्यावर ठेवतात. स्कॉटलंडमध्ये २२ मे २००५ रोजी चषक हेलिकॉप्टरमध्ये होता. सेल्टिक मदरवेलविरुद्ध १-० असा पुढे असल्याने ते त्या दिशेने निघाले होते. शेवटच्या काही मिनिटांत स्कॉट मॅकडोनल्डने मदरवेलसाठी दोन गोल केले, आणि हिबर्नियनला १-० असे हरवून विजेता ठरलेल्या रेंजर्सकडे ते हेलिकॉप्टर वळवावे लागले. मदरवेललाही त्या दिवशी विजेतेपदाशी काही देणेघेणे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : विजेतेपद आधीच ठरले असेल तर शेवटचा दिवस पाहण्यात अर्थ आहे का? आणि पाहायचा असेल तर कोणता सामना निवडावा?

उत्तर : अर्थ नक्कीच आहे. युरोपीय स्पर्धांच्या जागा बहुधा बाकी असतात आणि त्यांवर क्लबांची पुढची कित्येक वर्षे ठरतात. ७ मे २००६ रोजी इंग्लंडमध्ये टॉटनहॅम चौथ्या, म्हणजे चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेत नेणाऱ्या शेवटच्या, स्थानावर होता आणि एका गुणाने मागे असलेला आर्सेनल आपल्या हायबरी मैदानावरचा अखेरचा सामना खेळत होता. आदल्या रात्री टॉटनहॅमचे बरेच खेळाडू आजारी पडले. सामना पुढे ढकलण्याची विनंती मान्य झाली नाही आणि संघ वेस्ट हॅमकडून १-२ असा हरला. आर्सेनलने विगनला ४-२ असे हरवले, थिएरी ऑन्रीने तीन गोल केले आणि चॅम्पियन्स लीगची जागा आर्सेनलकडे गेली. विजेतेपद तर चेल्सीने त्याआधीच जिंकलेले होते.

निवडीबद्दल माझा सल्ला असा. आदल्या रात्री गुणतक्ता समोर घ्यावा आणि आपल्या लीगमध्ये बरोबरी गोलफरकाने सुटते की परस्पर सामन्यांनी, ते आधी पाहावे, नाहीतर मैदानावर काय पुरेसे आहे तेच कळत नाही. मग ज्या सामन्यात एका संघाचे सर्वस्व पणाला लागले आहे आणि दुसऱ्याचे काहीच नाही, असा सामना निवडावा आणि त्यात त्या दुसऱ्या संघाकडे लक्ष ठेवावे. मधल्या फळीतला एखादा खेळाडू सत्तराव्या मिनिटालाही, कोणी पाहत नसताना, सुटलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत परत येतो का, हे टीव्हीवरही दिसते. दुसऱ्या मैदानांवरचे गोल फोनवर कळतीलच.